ड्रेसडेनचा बरोक बघायला येताय? मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ड्रेसडेनला राहते, नोकरी चिप फॅक्टरीच्या लाइनमधली, कलेशी संबंध शून्य. पण दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी येतंच, आत्या, मामेभाऊ, मैत्रिणीची मैत्रीण, आणि सगळ्यांना फिरवता फिरवता एवढं बघून-वाचून झालंय की आता अर्धी गाईडच झालेय. व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकते.

बरोक म्हणजे नक्की काय? शाळेत तर कधी शिकवलं नाही.

मलाही नाही शिकवलं. साधारण १६०० ते १७५० या काळातली युरोपातली शैली, चित्रं, इमारती, बागा, संगीत, सगळ्यातच. शब्द पोर्तुगीजमधून आला म्हणतात, वेडावाकडा मोती या अर्थाचा. ओळखायची माझी खूण सोपी आहे: सरळ रेघ दिसली की वाकवलेली असते आणि रिकामी जागा दिसली की तिथे एक गुबगुबीत पोरगं पंख लावून बसवलेलं असतं. जुन्या गोव्यात बॉम जीझसला गेला असाल तर तुम्ही बरोक आधीच बघितलाय, फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो फ्लॉरेन्समध्ये बनून तिथे पोचला आणि १६९८ मध्ये बसवला गेला.

मग रोम, व्हिएन्ना, प्राग सोडून ड्रेसडेनच का?

सोडून नाही हो, तेही बघा. पण इथली गंमत अशी की जवळजवळ सगळा पसारा एका माणसाच्या हौसेतून उभा राहिलाय. ऑगस्ट द स्ट्राँग. १६९४ ला सॅक्सनीचा, म्हणजे ड्रेसडेनच्या मुलखाचा, राजा म्हणावा असा इलेक्टर झाला, मग पोलंडचं सिंहासन पाहिजे म्हणून १६९७ मध्ये कॅथलिक झाला, आणि ते कुठे तर मार्टिन ल्यूथरच्या मुलखात! बायकोने मात्र धर्म बदलायला साफ नकार दिला आणि शेवटपर्यंत बदलला नाही. म्हणून शहरात दोन मोठी चर्चेस आहेत, एक गावाचं प्रोटेस्टंट (फ्राउएनकिर्शे), एक दरबाराचं कॅथलिक (होफकिर्शे), पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. माणूस हाताने घोड्याचा नाल मोडायचा अशी ख्याती, पैसा उडवण्यात त्याहून पुढे. एका वाक्यात सांगायचं तर हे शहर म्हणजे एका हौशी यजमानाने घातलेलं लग्न आहे, मांडव, फुलं, भांडी, दागिने, बँडबाजा सगळं एकाच घरचं. तसं बघितलं की सगळं लागतं, नाहीतर मग इमारती मोजत फिरायचं.

एक दिवस पुरेल का? प्रागहून बर्लिनला जाताना मधे उतरणार आहोत.

नाही पुरणार. प्राग अडीच तास, बर्लिन दोन तास, त्यामुळे सगळे हेच करतात आणि संध्याकाळी पाय धरून बसतात. तीन दिवस द्या. एकच दिवस असेल तर झ्विंगरचं अंगण, ग्रीन व्हॉल्ट (राजवाड्यातली खजिन्याची दालनं), फ्राउएनकिर्शे, बास, बाकी नदीकाठी बसा. आणि वार बघून या: झ्विंगरमधली म्युझियम्स सोमवारी बंद आणि राजवाडा मंगळवारी बंद. सोमवारी येऊन बंद दाराचे फोटो काढणारे आपले लोक मी स्वतः पाहिलेत, त्यात माझा चुलतभाऊ एक.

झ्विंगर म्हणजे काय? राजवाडा का?

राजवाडा नाही, हीच गोष्ट लोकांना पटत नाही. राहायला कोणी नव्हतंच तिथे. नावाचा अर्थ आतल्या आणि बाहेरच्या तटाच्या मधली जागा, आपल्याकडे गड फिरणाऱ्यांनी दुहेरी तटबंदी बघितलेली असते, तसली. तिथे ऑगस्टला आधी संत्र्याची झाडं ठेवायला काचेचं घर हवं होतं, मग ते वाढत वाढत गेलं. आर्किटेक्ट प्योपेलमान, मूर्तिकार पेर्मोझर, काम १७०९ च्या सुमारास सुरू होऊन १७२८ पर्यंत चाललं. मधेच १७१९ मध्ये युवराजाचं लग्न ठरलं, तेही थेट हॅब्सबर्ग घराण्यातल्या मुलीशी, आधीच्या सम्राटाची मुलगी, म्हणजे केवढं मोठं स्थळ! त्यासाठी घाईघाईने जेवढं झालं तेवढं उद्घाटन करून टाकलं. म्हणून मी म्हणते तो दगडी मांडव आहे. लग्नाचे सोहळे आठवडे न् आठवडे चालले होते, हँडेल आणि टेलेमान हे दोघं मोठे संगीतकारही तेव्हा इथे येऊन गेले, हँडेल तर लंडनसाठी गायक पळवायला आला होता.

अंगणात शिरायला तिकीट लागत नाही. सोनेरी मुकुटाच्या दाराने या (मुकुट पोलंडचा, बाजूला गरुड आहेत ते बघा), आणि मग सरळ वॉल पॅव्हेलियनपाशी जा. सगळे वर बघतात, वर हर्क्युलिस पृथ्वी खांद्यावर घेऊन उभा आहे आणि तो अर्थातच ऑगस्ट स्वतः. तुम्ही खाली बघा. खांबांच्या जागी पेर्मोझरने अर्धे माणूस अर्धे बोकड असे बाप्ये उभे केलेत, अख्ख्या इमारतीचा भार त्यांच्या मानेवर आणि तरी काही जण दात काढून हसतायत, कोणाच्या डोक्यात द्राक्षाचे घड अडकलेत, एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. मला दरवेळी लग्नघरातले आचारी आठवतात. नंतर डाव्या-उजव्या बाजूला शोधून निम्फांचं (जलपऱ्यांचं) कारंजं बघा, खोलगट जागेत लपलंय, निम्मे लोक न बघताच जातात.

चिनीमातीच्या घंटा पाव-पाव तासाला वाजतात, जवळच्या माइसन गावच्या कारखान्यातल्या ४० घंटा आहेत, आवाज बशीवर चमचा आपटल्यासारखा नाजूक. त्या ऑगस्टच्या काळच्या नाहीत, विसाव्या शतकात बसवल्यात, पण त्याला आवडल्या असत्या.

हे सगळं ओरिजिनल आहे की नवीन बांधलंय? युद्धात पडलं होतं ना?

पडलं होतं. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ च्या ब्रिटिश-अमेरिकन बॉम्बहल्ल्यांत शहराचा मधला भाग जळून खाक झाला, आज जे दिसतं त्यातलं बरंचसं पुन्हा उभारलेलं आहे. फ्राउएनकिर्शेचं तर असं की बॉम्ब पडून गेले, आग लागली, तरी घुमट उभाच होता आणि १५ तारखेला सकाळी तापलेल्या खांबांनी जीव सोडला आणि सगळं खाली आलं. आर्किटेक्ट गेऑर्ग बेअरच्या आराखड्यावरून १७२६ ते १७४३ मध्ये बांधलेला अख्ख्या दगडाचा घुमट तो, १७६० साली प्रशियाच्या तोफगोळ्यांनीसुद्धा पडला नव्हता. मग पूर्व जर्मनीच्या काळात चाळीसहून जास्त वर्षं नुसता ढिगारा तसाच पडून. १९९४ ला बांधकाम सुरू झालं, २००५ ला चर्च पुन्हा उघडलं, जुने दगड कॉम्प्युटरवर मापं घेऊन जमतील तिथे जागच्या जागी बसवलेत. वरचा सोनेरी क्रॉस ज्या ब्रिटिश कारागिराने बनवला त्याचे वडील त्या हल्ल्यातल्या विमानात होते. जुना वाकडातिकडा झालेला क्रॉस आत ठेवलाय, आमची आत्या त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती, काही बोलली नाही आणि आत्या गप्प बसणं म्हणजे मोठीच गोष्ट.

"मग डुप्लिकेटच की" असं म्हणणारे भेटतात. माझं मत विचाराल तर अजिबात नाही, पण वाद घालायला या, बीअर तुमच्याकडून.

दगड इतके काळे का? जळलेले आहेत का?

सगळे नाही. इथला वालुकाश्म, एल्बे नदीच्या खोऱ्यातला, त्यात लोह असतं, त्यामुळे हवेत राहून आपोआप काळा पडतो, धूरधुळीने भर पडते ती वेगळी. नवा दगड पिवळसर असतो. म्हणून फ्राउएनकिर्शेवर काळे ठिपके दिसतात ते जुने दगड, पिवळे ते नवे, हळूहळू सगळं एकाच रंगाचं होणार. आणि हो, कुठे ना कुठे परांची बांधलेली असणारच, फोटो खराब झाला म्हणून रडू नका. बेलोत्तोने १७४८ मध्ये नदीपलीकडून शहराचं चित्र काढलंय त्यातसुद्धा होफकिर्शेच्या टॉवरला परांची आहे! ते चित्र झ्विंगरमधल्या चित्रांच्या गॅलरीत बघा, मग पुलापलीकडे जाऊन जिथून काढलं तिथे एक रिकामी फ्रेम उभी केलीय तिच्यातून बघा, जवळपास तेच दिसतं.

तिथे औरंगजेबाचं काहीतरी आहे म्हणे. खरं का?

खरं! आणि मराठी माणसाने ड्रेसडेनला यावं तर यासाठी यावं असं माझं स्पष्ट मत आहे. राजवाड्यात वरच्या मजल्यावर, नव्या ग्रीन व्हॉल्टमध्ये, एका मोठ्या काचेच्या पेटीत औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार मांडलाय. डिंगलिंगर नावाचा ऑगस्टचा सोनार, त्याने भावांना घेऊन १७०१ ते १७०८ अशी वर्षं खपून केला. जेमतेम दीड मीटर लांबीची जागा, आणि तिच्यावर सोन्याची, मिना केलेली शंभराहून जास्त माणसं-जनावरं, करंगळीएवढी. हत्ती, उंट, घोडे, नजराणे घेऊन आलेले सरदार, पालथे पडून मुजरा करणारे, आणि सगळ्यात वर तख्तावर बसलेले बादशहा, मागे सोनेरी सूर्य. हिरेच पाच हजारांवर लावलेत. किंमत ५८ हजार थालरच्या (तेव्हाचं चांदीचं नाणं) वर, एवढ्यात एखादा छोटा राजवाडा झाला असता, आणि ऑगस्टने ती हप्त्याहप्त्याने चुकवली.

डिंगलिंगर कधी हिंदुस्थानात आला नव्हता. त्याने फ्रेंच प्रवाशांची वर्णनं वाचली, बर्निये, ताव्हेर्निये वगैरे, बाकी कल्पनाशक्ती. म्हणून नीट बघितलं तर त्यात चिनी वस्तूही घुसल्यात, पूर्वेकडचं ते सगळं एकच असा कारभार.

आता तारखा लावून बघा. १७०१ ते १७०८. इथे हा बाबा भिंगातून हत्तीवर हिरे बसवतोय आणि तिकडे खरा औरंगजेब काय करत होता? दिल्लीत नव्हताच! १६८१ पासून दक्षिणेत तंबूत, म्हातारपणी एकेक गड घ्यायला निघालेला, १७०२ विशाळगड, १७०३ सिंहगड, १७०४ राजगड आणि तोरणा, समोर ताराबाई, हा गड घेतोय तोवर मागचा परत जातोय, खजिना रिकामा होतोय. १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला संपला आणि त्यानंतर इथे काम पूर्ण झालं. ज्या वैभवाचं खेळणं बनत होतं ते वैभव आपल्या डोंगरांत झिजत होतं. माझे काका काचेला नाक लावून दहा मिनिटं बघत होते, गार्डने दोनदा मागे व्हायला सांगितलं, शेवटी म्हणाले, "बस बाबा, इथे तरी बस शांत." आणि ऑगस्टची तरी कुठे वेगळी कथा, त्याच सुमारास, १७०६ मध्ये, स्वीडनच्या राजाने त्याला पोलंडच्या तख्तावरून उतरायला लावलं. स्वतःचं तख्त गेलेला माणूस दुसऱ्याच्या तख्ताचे हप्ते भरतोय!

हिरवा हिरा आपला आहे ना? परत मागायला हवा.

४१ कॅरेटचा, सफरचंदाच्या सालीसारखा फिकट हिरवा, तोही नव्या ग्रीन व्हॉल्टमध्येच. गोवळकोंड्याच्या मुलखातल्या कोल्लूर खाणीतला असावा असं मानतात. पण लुटून नेलेला नाही, ऑगस्टच्या मुलाने १७४२ च्या आसपास एका डच व्यापाऱ्याकडून विकत घेतला आणि नंतर तो टोपीला लावायच्या दागिन्यात बसवला गेला. टोपीला! हिरवा रंग जमिनीतल्या किरणोत्सारामुळे आलाय.

चोरी झाली होती ती इथेच ना?

इथेच, पण खालच्या मजल्यावर, जुन्या ग्रीन व्हॉल्टमध्ये, २५ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे. खिडकीची जाळी कापून आत आले, कुऱ्हाडीने काच फोडली. हिरवा हिरा वाचला कारण तो तेव्हा न्यूयॉर्कला प्रदर्शनाला गेला होता, नशीब बघा. २०२२ च्या डिसेंबरात बराचसा ऐवज सापडला, काही अजून गायब आहे. जुन्या भागाचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधी ऑनलाइन काढा आणि वेळ पाळा. आम्ही एकदा उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसलो आणि स्लॉट गेला, चूक पूर्ण आमची. फक्त एकच भाग परवडणार असेल तर वरचा नवा घ्या, औरंगजेब आणि हिरा दोन्ही तिथेच.

चिनीमातीची भांडी बघण्यात काय मजा?

मलाही असंच वाटायचं. पण गोष्ट ऐका. ऑगस्टला चिनी-जपानी भांड्यांचं व्यसन होतं, स्वतःच त्याला आजार म्हणायचा. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला ६०० घोडदळाचे सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. माणसं दिली, बरण्या घेतल्या. त्यातल्या मोठ्या निळ्या-पांढऱ्या बरण्यांना आजही "ड्रगून बरण्या" म्हणतात (ड्रगून म्हणजे ते घोडेस्वार सैनिक), झ्विंगरमध्ये पोर्सेलीनच्या दालनात आहेत. त्याच नादात ब्योटगर नावाच्या पोराला, मी सोनं बनवतो अशी थाप मारली म्हणून कोंडून ठेवलं होतं, त्याच्याकडून आणि एका शास्त्रज्ञाकडून १७०८ मध्ये युरोपातलं पहिलं खरं पांढरं पोर्सेलीन बनवून घेतलं, आणि १७१० मध्ये माइसनला कारखाना काढला. सोनं नाही झालं पण धंदा सोन्यासारखा चालला. माइसन लोकल ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

चित्रांतलं काही कळत नाही, गॅलरी सोडू का?

सोडू नका, पण सगळी बघू नका. राफाएलची सिस्टीन मॅडोना (बरोक नाही, ऑगस्टच्या दोनशे वर्षं आधीची, १७५४ मध्ये इटलीतून आणली), खालचे दोन कंटाळलेले देवदूत तुम्ही कपांवर, छत्र्यांवर पाहिलेले असतात. मग व्हर्मीरची खिडकीत पत्र वाचणारी मुलगी. तिच्या मागची भिंत अडीचशेहून जास्त वर्षं कोरी दिसायची, साफ करताना कळलं की तिथे मदनाचं चित्र कोणीतरी नंतर रंगवून झाकलंय, २०२१ पासून ते उघडं दिसतं. म्हणजे प्रेमपत्रच होतं ते. आणि बेलोत्तो, वर सांगितलाच.

बरोक संगीत कुठे ऐकायचं? आम्हाला वेस्टर्न क्लासिकलमधलं ओ की ठो कळत नाही.

कळायला कशाला पाहिजे. एवढं लक्षात ठेवा की खाली एक सतत चालणारी साथ असते, चेलो आणि हार्पसीकॉर्ड किंवा ऑर्गन, आणि वाजवणाऱ्याच्या कागदावर खालचे सूर आणि वर नुसते आकडे लिहिलेले असतात, बाकी भरणा तो तिथल्या तिथे करतो, आपला पेटीवाला करतो तसंच. एकदा त्या साथीकडे कान लावला की वरचं आपोआप ऐकू येतं.

आता जागा. होफकिर्शेमधला झिल्बरमानचा ऑर्गन, १७५५ मध्ये पूर्ण झाला, झिल्बरमान त्याआधी दोन वर्षं वारला होता, शिष्याने पुरा केला. १९४४ मध्ये त्याचे पाइप काढून बाहेर हलवले म्हणून वाचले, चर्च मात्र जळलं. आठवड्यातल्या ठरावीक दिवशी दुपारच्या आधी छोटंसं वादन असतं, वेळ दारावर लावलेली असते. याच चर्चच्या तळघरात ऑगस्टचं हृदय एका डबीत आहे (बाकीचा ऑगस्ट पोलंडमध्ये, क्राकोला), सुंदर बाई जवळून गेली की ते धडधडतं म्हणतात. मी तीनदा गेले, काही ऐकू आलं नाही, असो. फ्राउएनकिर्शेमध्ये दुपारी बाराला प्रार्थना आणि ऑर्गन, तिथला ऑर्गन मात्र नवा, मूळच्या ऑर्गनवर १७३६ च्या १ डिसेंबरला स्वतः बाख, तो थोर संगीतकार, वाजवून गेला होता. आणि बऱ्याच शनिवारी संध्याकाळी क्रॉइत्सकिर्शे या चर्चमध्ये मुलांचं कॉयर (गायकवृंद) गातं, आठशे वर्षं जुनी परंपरा.

कोणाला ऐकायचं विचाराल तर झेलेंका. दरबारात डबल बास वाजवणारा बोहेमियन माणूस, चर्चसाठी एकाहून एक रचना केल्या, मुख्य संगीतकाराची जागा रिकामी झाली तेव्हा बरीच वर्षं ते काम हाच ओढत होता, पण जागा मिळाली हासेला, जो इटालियन फॅशनचे ऑपेरे करायचा आणि ज्याची बायको फाउस्टिना त्या काळातली सुपरस्टार गायिका. ऑफिसात काम केलेल्या कोणालाही हे समजेल. हासेचा इथला पहिला ऑपेरा १७३१ चा "क्लेओफिदे", त्यात अलेक्झांडर आणि आपला पोरस, आणि नायिका हिंदुस्थानची राणी! बाखलासुद्धा या दरबारात मानाची पदवी हवी होती, १७३३ मध्ये अर्जासोबत त्याने जे संगीत पाठवलं तेच पुढे बी मायनर मास या त्याच्या प्रसिद्ध चर्चरचनेची सुरुवात झालं. पदवी यायला तीन वर्षं लागली. सरकारी काम.

आणखी एक: पिझेंडेल हा इथला मुख्य व्हायोलिनवाला, व्हिवाल्डीचा शिष्य आणि दोस्त. तो गेल्यावर वाद्यवृंदाच्या वह्या एका कपाटात बंद झाल्या, कपाट नंबर दोन, आणि शंभरेक वर्षं कोणाच्या लक्षातच नव्हत्या. आता सगळ्या स्कॅन करून इथल्या लायब्ररीने ऑनलाइन फुकट ठेवल्यात.

सेम्पर ऑपेरा बरोक आहे का?

नाही. १८७८ ची इमारत, १९४५ मध्ये उद्ध्वस्त, १९८५ ला परत उघडली. सुंदर आहे, बरोक नाही. तसंच भिंतीवरची राजांची लांबलचक मिरवणूक, तीही बरोक नाही, टाइल्स तर १९०७ च्या.

बागा कुठल्या बघायच्या?

शहरातच ग्रोसर गार्टन आहे, १६७६ पासूनची, मधोमध छोटा महाल, सरळ रेषेतले रस्ते, आणि शाळकरी मुलं चालवतात ती छोटी रेल्वे. सकाळी पळायला मी तिथेच जाते, म्हणून मला तिचं अप्रूप कमी.

माझी लाडकी बाग ग्रोसझेडलित्सची. लोकलने हायडेनाऊच्या बाजूला जायचं, मग थोडा चढ चालायचा, गर्दी नाही. ऑगस्टने ती १७२३ मध्ये आपल्या एका सरदाराकडून घेतली, भलामोठा प्लॅन आखला आणि पैसे संपले, जेमतेम एक तृतीयांश झाली. तिथे एक वळणदार दुहेरी जिना आहे, कठड्यावर दगडी पोरं वाद्यं घेऊन बसलीत, नाव "मूक संगीत". उन्हाळ्यात कुंड्यांतली संत्र्याची झाडं बाहेर काढलेली असतात. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून डबा खायचा, मी इथे इतक्या वेळा पोहे खाल्लेत की दगडी पोरं ओळखत असतील.

पिलनित्सला जायचं का, आईबाबांचे गुडघे दुखतात?

त्यांना पिलनित्सच दाखवा, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. नदीकाठचा उन्हाळी महाल, प्योपेलमाननेच १७२० नंतर बांधला, चिनी धाटणीची छपरं, कारण पुन्हा तेच चीनचं वेड. बाग सपाट, बाकडी भरपूर. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आलात तर दोनशेहून जास्त वर्षांचं कॅमेलियाचं झाड फुललेलं असतं, दोन मजली उंच, आणि थंडीत त्याच्यावर चाकांवरचं काचेचं घर सरकवतात. शहरातून वाफेच्या बोटीने जाता येतं, वेळ खूप जातो पण बसूनच असतं. नाहीतर दोन नंबरची ट्राम शेवटपर्यंत, आणि मग पाच मिनिटांची फेरी बोट. बोट मधोमध आली की समोर महालाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या दिसतात, दोन्ही बाजूंना स्फिंक्स, दरबारी मंडळी इथेच नावेतून उतरायची. पुराच्या पाण्याच्या खुणा भिंतीवर कोरल्यात, २००२ ची बघा. बाबांना त्याच जास्त आवडल्या, सांगलीचे आहेत ते.